शेवाळ नसलेली पडझड

'नागरी जीर्णता' हा छायाचित्र-स्पर्धांचा आवडता विषय आहे. त्यासाठी काय पाठवले जाते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही: पोपडे सुटलेली भिंत, गंजलेली जाळी, भेगेतून उगवलेला पिंपळ आणि चौकटीच्या कोपऱ्यात एक पाठमोरी म्हातारी. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत असे दृश्य मिळवायला दुपारही पुरते. आमचे म्हणणे असे, की ह्या शहरांतून स्पर्धेला छायाचित्र पाठवायचे असेल तर नेमके हे पाठवू नये. ते कुरूप आहे म्हणून नव्हे. ते देखणे आहे, आणि त्या देखणेपणाच्या बळावर ते खोटे बोलते.

'जीर्ण' ह्या शब्दात काळ गृहीत धरलेला असतो. वस्त्र जीर्ण होते, देह जीर्ण होतो. त्यात दोष कुणाचाच नसतो. शहराला हे विशेषण लावले की पडझड ही ऋतुचक्रासारखी निसर्गक्रिया ठरते आणि पाहणाऱ्याच्या वाट्याला फक्त हळहळ उरते. आता वस्तुस्थिती पाहू. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कम्पाउंडमधील इमारत कोसळून ७४ माणसे मेली. ती इमारत जीर्ण नव्हती. परवानगीशिवाय, काही महिन्यांत मजल्यावर मजला चढवत नेलेले ते बांधकाम पुरे व्हायचे होते, आणि तरीही आत माणसे राहत होती. आदल्या दिवशी कुणी तिचे छायाचित्र काढले असते, तर त्यात शेवाळ नसते, पिंपळ नसता. नवे सिमेंट दिसले असते. कोणत्या परीक्षकाने ते 'जीर्णते'त धरले असते?

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारती पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये दिले. ह्या इमारतींत कित्येकांनी बँकांची कर्जे काढून घरे घेतली होती. भिंती नव्या, रंग नवा, दारावरची तोरणे नवी. कुजलेला होता तो कागद. आणि कागदाची कूज कॅमेऱ्याला दिसत नाही.

येथे कुणी आक्षेप घेईल, की जुन्या इमारतीही पडतात. पडतात. २०१५ साली जुलैच्या अखेरीस ठाकुर्लीत 'मातृछाया' पडली आणि आठवडाभरात, ४ ऑगस्टला, ठाण्याच्या नौपाड्यात 'कृष्णनिवास' पडली. परंतु तेथेही प्रश्न काळाचा कितपत आहे? दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात; 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करण्याची. तरी माणसे आत राहतात, कारण एकदा उंबरठा सोडला की हक्क सुटेल ही धास्ती छत कोसळण्याच्या धास्तीहून मोठी असते. भिंतीवरचे शेवाळ ही धास्ती सांगत नाही. ते फक्त ओल सांगते.

ह्या चित्रशैलीचे एक माहेर अमेरिकेतील डेट्रॉइट आहे. १९८८ साली बंद पडलेले तेथील भव्य रेल्वेस्थानक जगभरच्या छायाचित्रकारांनी टिपले आणि त्या प्रकाराला तेथील टीकाकारांनी 'रुइन पॉर्न' असे जळजळीत नाव दिले. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० साली साडेअठरा लाखांच्या आसपास होती. २०१० साली ती सुमारे सात लाखांवर आली. ठाणे महापालिका क्षेत्राची १९९१ची लोकसंख्या सुमारे आठ लाख, २०११ची अठरा लाखांवर. एक शहर ओस पडत गेले, दुसरे भरत गेले. तेथली पडझड माणसे निघून गेल्याची आहे. येथली, आलेल्या माणसांना परवडेल असे कायदेशीर घर न मिळाल्याची आहे. तरीही आपले छायाचित्रकार तोच रिकामा जिना, तीच तिरपी उन्हाची तिरीप शोधत हिंडतात, आणि जिन्यावरचा माणूस बाजूला होईपर्यंत थांबतात. उसनी दृष्टी म्हणतात ती ही.

वाल्टर बेन्यामिन ह्यांनी १९३४ सालीच ह्या दृष्टीवर बोट ठेवले होते. दारिद्र्यालाही आस्वाद्य वस्तू करून टाकण्याची कला छायाचित्राला साधली आहे, असा त्यांचा आरोप होता. आणि उपाय म्हणून त्यांनी छायाचित्रकाराकडे मागितली ती चित्राखालची ओळ. मराठी वाचकाला ह्याचे जवळचे उदाहरण ठाऊक आहे. १९७२ सालच्या 'गोलपिठा'ची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी न कळलेल्या शब्दांचे अर्थ नामदेव ढसाळांना विचारले, त्यांच्यासोबत ती वस्ती पाहिली. बाहेरून पाहणाऱ्याने आधी विचारावे लागते, हा धडा साहित्याने घेतला. कॅमेऱ्याने तो का घेऊ नये?

छायाचित्र ही कला आहे, पुरावा नव्हे, असा युक्तिवाद होईल. मान्य. परंतु स्पर्धेनेच विषयाला 'जीर्णता' असे नाव दिले की ती कारणाविषयी विधान करून मोकळी होते. मग चित्राला त्या विधानाची उलटतपासणी करण्याचा हक्क हवा. तो शीर्षकाच्या दोन काव्यमय शब्दांत बसत नाही.

म्हणून आमची निवड सांगतो. त्या ६५ इमारतींपैकी एकीचे समोरून, दिवसाउजेडी घेतलेले साधे छायाचित्र पाठवावे. ताजा रंग, गॅलरीत वाळत घातलेले गणवेश, खाली उभ्या दुचाक्या. राहणाऱ्यांना विचारून घेतलेले. आणि खाली चार गोष्टी लिहाव्यात: इमारत कधी बांधली, परवानगीचा कागद कुणाच्या नावाने बनला, आत किती कुटुंबे राहतात, न्यायालयाने काय सांगितले. बक्षीस बहुधा मिळणार नाही. परीक्षक म्हणतील, ह्यात जीर्णता कोठे आहे? तो प्रश्न त्यांच्या तोंडून एकदा निघाला, की खालच्या चार ओळी त्यांना वाचाव्याच लागतील.