जुनं दुखणं आणि नवं दुखणं : शुश्रूषा एकसारखी नको

घरात कुणाचं ऑपरेशन झालं की सगळं घर त्याच्या उशाशी असतं. पण आई चार वर्षं कंबरदुखीने बेजार असेल, तर "तिचं रोजचंच आहे" म्हणून आपण पुढे जातो. दोन्ही वेदना खऱ्याच आहेत, मात्र त्यांची शुश्रूषा वेगवेगळी करावी लागते. माझ्या मते, इथेच आपण सगळे कमी पडतो. हॉस्पिटलमधली सिस्टर असो, घरी ठेवलेल्या मावशी असोत किंवा सून-मुलगा.

तीव्र वेदना

हाड मोडणं, भाजणं, मुतखडा, सिझेरियननंतरचा टाका. ही वेदना अचानक येते, तिचं कारण सापडतं आणि जखम भरली की ती थांबते. नाडी जोरात चालते, बीपी वाढतं, घाम येतो. ही शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा असते.

इथे शुश्रूषा म्हणजे:
- ० ते १० मध्ये दुखणं किती, ते विचारणं.
- औषध वेळेवर देणं. ड्रेसिंग किंवा व्यायामाच्या आधी द्यायची गोळी आधीच देणं.
- गोळीनंतर साधारण तासाभराने आकडा पुन्हा विचारणं. ही पायरी सर्वात जास्त राहून जाते.

"थोडं सहन करा" हा सल्ला इथे महागात पडतो. पोटाचा टाका दुखत असेल तर पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही. मग छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होऊ शकतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

जुनाट वेदना

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला जुनाट म्हणतात. कधी मूळ आजार चालूच असतो, उदाहरणार्थ संधिवात. कधी जखम भरते, पण मज्जासंस्था जास्त संवेदनशील होऊन बसते आणि घंटा वाजतच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात (आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू) जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान दिलेलं आहे.

अशा पेशंटची नाडी आणि बीपी बऱ्याचदा नॉर्मल असतात. तो टीव्ही बघतो, हसतोही. म्हणून त्याला नाटकी ठरवू नका. शरीर सरावलेलं असतं, वेदना गेलेली नसते.

इथे फक्त आकडा विचारून भागत नाही. झोप लागली का? अंघोळ स्वतः केली का? जिना उतरता आला का? मन उदास आहे का? हे प्रश्न विचारा. आकडा शून्यावर आणण्यापेक्षा रोजचा दिवस सोपा करणं हे ध्येय ठेवा. नुसतं झोपवून ठेवल्याने स्नायू आणखी कमजोर होतात; रोज थोडा, ठरलेला व्यायाम हवा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या, तर किडनी आणि जठराला इजा होऊ शकते.

कॅन्सरची वेदना

ती दोन्ही प्रकारची असू शकते. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं की नातेवाईक "सवय लागेल" म्हणून डोस चुकवतात. देखरेखीखाली, घड्याळाप्रमाणे दिलेल्या मॉर्फिनची एवढी धास्ती नको. बद्धकोष्ठतेचं औषध मात्र सोबत घ्या आणि खूप गुंगी आली तर लगेच कळवा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, ती अशा पेशंटना ही औषधं मिळणं सोपं व्हावं म्हणूनच. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा पेशंटची सेवा करत आहे. आपल्याजवळ खारघरला टाटा स्मारकाचं केंद्र आहे.

हे लक्षात ठेवा

जुनं दुखणं असलेल्या माणसालाही नवं दुखणं होऊ शकतं. दुखण्याची जागा किंवा तऱ्हा बदलली, ताप आला, वजन घटलं, पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा छातीत दुखू लागलं, तर "नेहमीचंच" म्हणू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

करंजाड्यात बऱ्याच घरांत दोघंही नोकरीला जातात आणि आजी-आजोबा दिवसभर एकटे असतात. त्यांच्यासाठी एक वही ठेवा : कधी दुखलं, कशाने वाढलं, कोणती गोळी घेतली, झोप किती झाली. पुढच्या तपासणीला ती वही सोबत आणा. आणि पेशंट "दुखतंय" म्हणाला, तर पहिल्यांदा त्याच्यावर विश्वास ठेवा.