फॉरमॅट मारण्यापूर्वी

आपल्या किनाऱ्यावर संगणक बिघडला की त्यावर एकच रामबाण उपाय सांगितला जातो, तो म्हणजे "फॉरमॅट मारा". रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात जा. छपाई होत नसो, आवाज येत नसो, की वायफाय दिसेनासे झालेले असो, उपचार ठरलेला. सगळ्या रोगांवर एकच पुडी देणारे वैदू पूर्वी गावोगाव हिंडत, त्यांचीच ही नवी पिढी. यंत्रावर लिनक्स असेल तर पुडी किंचित बदलते: "हे काढून टाका आणि आपले नेहमीचे घाला." या दोन्ही सल्ल्यांविरुद्ध मला काही सांगायचे आहे, आणि ते कला महाविद्यालयाच्या वार्षिकात सांगायचे आहे, हे मुद्दाम. विज्ञान शाखेच्या मंडळींनी राग मानू नये.

विषय आताच काढण्याला कारण आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. तिच्या पुढच्या आवृत्तीला टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या ग्रंथालयातली व भाषा विभागातली बारा यंत्रे त्या कसोटीला उतरत नाहीत. पडदे उत्तम आहेत, कळफलक शाबूत आहेत, निबंध टंकायला आणि संदर्भ शोधायला लागणारे बळ त्यांच्यात भरपूर आहे. तरी ती भंगारात काढावीत असा सूर निघू लागला आहे. दोन यंत्रांवर लिनक्स घालून पाहण्यात आले. एकावर वायफाय चालेना. झाले! "लिनक्स आपल्याकडे चालत नाही" असा निकाल चहाच्या कपाबरोबर लागला. मुरूड-रेवदंड्याकडून एस.टी.ने येणाऱ्या ज्या मुलामुलींच्या घरी संगणक नाही, त्यांच्यापुरती ही बारा यंत्रे म्हणजेच संगणक. म्हणून हा निकाल मला मान्य नाही.

त्या वायफाय न चालणाऱ्या यंत्राचे पुढे काय झाले ते ऐका. दोघा उत्साही विद्यार्थ्यांनी त्यावर तीन वेळा नव्याने लिनक्स घातले. तिन्ही वेळा तेच. मग द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने यंत्र सुरू होताना पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी पुन्हा समोर आणल्या (त्यासाठी 'डीमेसेज' नावाची आज्ञा आहे) आणि त्या शांतपणे वाचून काढल्या. त्यांत एक ओळ अशी होती की, वायफायच्या चिपला लागणारे फर्मवेअर चढवता आले नाही. आणि पुढे हव्या असलेल्या फाइलचे नाव अक्षरन् अक्षर दिलेले होते. म्हणजे यंत्र पहिल्या दिवसापासून आपले दुखणे नावानिशी सांगत होते. ऐकणारे कोणी नव्हते. इंटरनेटवाचून ती फाइल आणायची कशी, हाही पेच तिनेच सोडवला. मोबाइल केबलने यंत्राला जोडला आणि मोबाइलमधली यू.एस.बी. टेदरिंगची सोय चालू केली. लिनक्सला तो मोबाइल तारेच्या जोडणीसारखा दिसतो, त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. पाऊण तासात वायफाय सुरू झाले. ही मुलगी इतिहासाची; गेल्या वर्षीपासून मोडी शिकते आहे. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. मोडीतला कागद समोर आला की एका अक्षरावर अडून न बसता ओळ पुरी वाचायची, लागलेल्या शब्दांवरून न लागलेले ताडायचे, ही सवय तिला होती.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगायला हवे. परके जहाज बंदरात शिरताना तिथले खडक आणि भरती-ओहोटी ठाऊक असलेला वाटाड्या लागतो. संगणकाच्या मुख्य प्रणालीला प्रत्येक चिपचे बोलणे कळत नाही. ते समजावणारा वाटाड्या म्हणजे ड्रायव्हर. फर्मवेअर हा त्याहून आतला भाग, खुद्द चिपच्या पोटात चढवायचा. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर गाभ्याबरोबरच येतात, म्हणून पुष्कळ यंत्रांवर काहीही न करता सारे चालते. अडते ते चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपची भाषा उघड करत नाही तेव्हा. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळ्या कंपन्यांच्या वायफाय चिप असू शकतात, त्यामुळे "माझ्या भावाच्या लॅपटॉपवर चालते, मग इथे का नाही?" या प्रश्नाला अर्थ उरत नाही. आधी आत कोणती चिप आहे ते 'एलएसपीसीआय' या आज्ञेने पाहावे, मग बोलावे.

गंमत अशी की, ही सारी चळवळ एका प्रिंटरच्या ड्रायव्हरपायीच उभी राहिली असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेतील एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकत. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्रॅममध्ये अशी सुधारणा करायची होती की, कागद अडकताच छपाईची वाट पाहणाऱ्यांना निरोप जावा. मूळ प्रोग्रॅम ज्याच्यापाशी होता त्याने, गुप्ततेचा करार केला आहे म्हणून, तो देण्याचे नाकारले. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने गाभा लिहिला. तंटा मात्र मिटला नाही. २०१२ साली आल्टो विद्यापीठातल्या जाहीर कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडिया या चित्रचिपांच्या कंपनीला उद्देशून जे उद्गार काढले, ते या अंकात छापण्याजोगे नाहीत. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला. डेबियनसारख्या तत्त्वाला चिकटून राहणाऱ्या मंडळींनीही मतदान घेऊन २०२३ च्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअर स्थापनेच्या संचातच देऊ केले. तत्त्व थोडे वाकले, पण वायफायवाचून अडलेल्या माणसाला तत्त्वज्ञान ऐकवण्यापेक्षा हे बरे, असे माझे मत आहे.

आपल्या जिल्ह्याला हा विषय अगदी परका नाही. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगडात, कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांत फेडोरा लिनक्स होते. त्यांचा स्पर्शफलक दमट हवेत आणि घामेजल्या बोटांनी बिथरे, बाण पडद्यावर उड्या मारू लागे. कळफलकाच्या चार कोपऱ्यांतल्या चार कळा एकदम दाबल्या की ताळ्यावर येई. खुलेपणाचा एवढा पुरस्कार करणाऱ्या त्या यंत्रातही वायफायचे फर्मवेअर मात्र बंदिस्तच होते, आणि त्यावरून तेव्हा जगभर वाद झाला. सांगायचे एवढेच की, बिघाड तिथेही होते. पण त्यांच्यावरचा उतारा गुपित नव्हता.

दुसरा मोठा घोळ पॅकेजांचा. लिनक्सवरचे प्रत्येक पॅकेज दुसऱ्या काहींच्या आधाराने उभे असते. अधिकृत भांडारातून घेतले तर हे आधार आपोआप येतात. कोणीतरी सांगितले म्हणून इकडून तिकडून, भलत्याच आवृत्तीसाठी बांधलेले पॅकेज आणून बसवले की मग "आधार पुरे होत नाहीत" अशी तक्रार सुरू होते आणि प्रत्येक नवी स्थापना अडते. बाहेरून आणलेले ते एक पॅकेज काढावे, ज्या बाहेरच्या भांडाराचा पत्ता यादीत घातला असेल तो पुसावा, यादी ताजी करावी. बहुतेक वेळा गाठ सुटते. "कुलूप मिळत नाही" असा संदेश आला तर काही शहाणे ती कुलपाची फाइलच पुसून टाकतात. अहो, आत कोणी काम करते आहे म्हणून कुलूप आहे! यंत्र सुरू होताच स्वयंचलित दुरुस्त्या चालू होतात. दहा मिनिटे थांबावे.

आपल्याकडे यात विजेची भर. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ते टोक सोडा. साध्या पावसाळी संध्याकाळीही दुरुस्त्या उतरत असताना दिवे जातात आणि काम अर्ध्यावर तुटते. पुढच्या वेळी काही बसवायला गेले की डेबियन किंवा उबुंटू स्वच्छ सांगते: काम मध्येच तुटले होते, आता अमुक आज्ञा स्वतः द्या. 'डीपीकेजी'ने सुरू होणारी ती आज्ञा संदेशातच लिहिलेली असते, तशीच उतरवायची. रोगाने स्वतःच औषधाची चिठ्ठी लिहून द्यावी, आणि रोग्याने ती न वाचता भिंतीवर डोके आपटावे, असा प्रकार मी पुष्कळदा पाहिला आहे. गाभा बदलल्यानंतर आवाज किंवा वायफाय गेले तर सुरुवातीच्या यादीत 'प्रगत पर्याय' या सदराखाली जुना गाभा बहुधा शिल्लक असतो. तो निवडून यंत्र चालू करावे आणि सवडीने कारण शोधावे. फॉरमॅटने हा जुना गाभाही जातो आणि पुरावाही.

पुराव्याचे महत्त्व अलिबागकरांना मी काय सांगावे! मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून १९०४ साली ते काम ज्या गावी आणले, ते हे गाव. आपली वेधशाळा तेव्हापासून नोंदी ठेवते आहे. कालची नोंद असली तरच आजचा फरक कळतो. लिनक्सही अशीच रोजनिशी लिहीत असते. दुरुस्तीला बसण्यापूर्वी काल काय चालत होते, मध्ये काय बदलले, नेमका संदेश काय आला, हे कागदावर उतरवले तर जाणकाराला विचारतानाही उपयोग होतो. "सर, लिनक्स चालत नाही" हे वाक्य म्हणजे डॉक्टरांना "बरे नाही" एवढेच सांगून गप्प बसणे. आणि हो, खाऱ्या हवेने यंत्राच्या आतले सांधेही गंजतात. यंत्र मुळी सुरूच होत नसेल तर आधी रॅमची पट्टी काढून खोडरबराने पुसून पाहावी. त्यात प्रणालीचा दोष नाही.

आता मराठीचे. मराठीचा प्राध्यापक म्हणून मला एक गोष्ट जड मनाने सांगावी लागते: पडद्यावरची भाषा जरूर मराठी ठेवा, पण गाभ्याचे संदेश इंग्रजीतच येतात आणि मदतही बहुतेक इंग्रजी शब्दांवरच सापडते. मात्र ते इंग्रजी काही शेक्सपिअरचे नव्हे. फेल्ड, मिसिंग, डिनाइड, नॉट फाउंड, असे पन्नाससाठ शब्द कळले की काम भागते. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते एका तासात शिकवता येतील. मी शिकवायला तयार आहे.

मराठी टंकलेखनाबद्दल मात्र लिनक्सची विनाकारण बदनामी झाली आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक यादीत आयता असतो, 'लोहित'सारखे खुले टंक भांडारात मिळतात, आणि 'दऱ्या'तला अर्धा र नीट उमटतो. अडचण आहे ती आपल्या जुन्या फाइलींची. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या मराठी पॅकेजांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो ठरावीक टंक नसला की 'महाविद्यालय' या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा दिसतो. हा दोष लिनक्सचा नाही. दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर त्या टंकावाचून हेच होईल. या वार्षिकाचे जुने अंक अशाच एका पॅकेजात टंकलेले आहेत. त्याला चालायला यंत्राच्या पाठीशी एक कुलूप-खुंटी लागे, आणि ती खुंटी आता एकाच यंत्राला लागलेली आहे. ते यंत्र भंगाराच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर आहे! त्यावरचा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेईपर्यंत त्याला कोणी हात लावू नये, एवढे मी लेखी कळवले आहे.

लिनक्सने सगळे सुटते असे मी म्हणत नाही. कार्यालयातली काही कामे विंडोजवरच चालणाऱ्या प्रोग्रॅमवर होतात. तिथे विंडोज राहू द्यावे, त्यासाठी नवी यंत्रे घ्यावीत. काही स्वस्त लेझर प्रिंटरांना आणि जुन्या स्कॅनरांना लिनक्सचा ड्रायव्हर नाहीच. त्यांच्यामागे रात्री जागवण्यात अर्थ नाही. पण ग्रंथालयातले वाचन, टंकलेखन, मराठी कोश पाहणे, यांसाठी या बाराही यंत्रांना अजून पुष्कळ आयुष्य आहे.

मी समितीपुढे दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, भंगाराचा निर्णय उन्हाळी सुटीनंतर घ्यावा. दुसरी, प्रत्येक यंत्राशेजारी एक दोनशेपानी वही बांधून ठेवावी; बिघाड झाला की तारीख, संदेश जसाच्या तसा, काय केले आणि काय झाले, हे ज्याने पाहिले त्याने लिहावे. वह्या मी स्वखर्चाने आणल्या आहेत. ग्रंथालयातल्या चार क्रमांकाच्या यंत्राच्या वहीत पहिली नोंद त्या फर्मवेअरच्या फाइलची आहे. अक्षर मोडी शिकणाऱ्या त्या मुलीचे, पण लिहिले आहे बाळबोधीत.