दाते नवे, चाक जुने

शनिशिंगणापुरात घरांना कुलुपे नाहीत, कित्येकांच्या चौकटींना दारेही नाहीत, हे इतक्या लेखण्यांनी इतक्या वेळा लिहिले आहे की त्याचे नवल आता कुणाला उरलेले नाही. 2011 साली युको बँकेने तेथे कुलुपाविना शाखा उघडली, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने पुन्हा एकदा भरले. पण वाचकहो, एक कुलूप त्या गावातही बिनबोभाट चालते. ते असते गिअरच्या सायकलीच्या मागच्या चाकात, आणि त्याचे नावच मुळी लॉकरिंग! दातेरी चकत्यांचा जो जुडगा हबवर बसतो त्याला कॅसेट म्हणतात, (आमच्या घरी हा शब्द अजून नाट्यगीतांपुरताच आहे.) तो जुडगा जागच्या जागी दाबून धरणे हे या कुलपाचे काम.

आमचा एक विद्यार्थी शिंगणापुराहून रोज सायकलीने महाविद्यालयात येतो. सायकल शर्यतीच्या जातीची, पण दुसऱ्या हातची. मागे नऊ चकत्या. पावसाळ्यानंतर जोर लावला की साखळी दात्यांवरून उडू लागली. शहरातल्या दुकानदाराने चाक एकदा फिरवून निकाल दिला : “हब जुना झाला रे. याचं सामान आता येत नाही. चाकच टाक नवीन.” चाकाची किंमत ऐकून पोरगा दोन दिवस एस्. टी. ने आला. पासाचे पैसे घरी मागायचे म्हणजे निराळेच संकट.

हा निकाल आम्हाला पटला नाही. हब जुना म्हणजे किती जुना, हे विचारायला नको? फार जुन्या हबला बाहेरून आटे असतात आणि त्यावर अख्खे फ्रीव्हील फिरवून बसवतात. तेथे कॅसेट बसणारच नाही, फ्रीव्हीलच शोधावे लागते. मग 1978 च्या सुमारास शिमानो या जपानी कंपनीने फ्रीव्हीलची यंत्रणा हबातच घातली आणि चकत्या खाचांवर सरकवण्याची सोय केली. त्या पहिल्या पिढीत, म्हणजे युनिग्लाइडमध्ये, सगळ्या खाचा सारख्या, आणि सर्वांत धाकटी चकतीच आट्यांनी आवळून कुलपाचे काम करी. पुढे हायपरग्लाइड आले. त्यात एक खाच मुद्दाम वेगळ्या रुंदीची ठेवली, म्हणजे कॅसेट एकाच बाजूने बसते, उलटसुलट नाही. कॅम्पाग्नोलो या इटालियन घराण्याच्या खाचा तर सर्वस्वी निराळ्या.

पोराचा हब हायपरग्लाइड निघाला, आणि येथेच दुकानदाराचे म्हणणे गडगडले. आठ, नऊ आणि दहा चकत्यांसाठी शिमानोच्या हबची लांबी एकच आहे. दहाची रस्त्यावरची कॅसेट असेल तर बहुधा मागे 1 मिलिमीटरची कडी घालावी लागते. सातांची असेल तर 4.5 मिलिमीटरची. सातांच्याच जमान्यातला हब मात्र आखूड, त्यावर आठ-नऊ मावत नाहीत. अकरांचा हब 1.85 मिलिमीटरने लांब. म्हणून अकरांची कॅसेट जुन्या हबवर सहसा बसत नाही. 34 दात्यांच्या काही कॅसेटी अपवाद, कारण त्यांची थोरली चकती आऱ्यांच्या बाजूला थोडी कलून बसते. दोन मिलिमीटरसुद्धा नाहीत, पण तेवढ्यासाठी अख्खे चाक भंगारात जाते!

बरे, हबवर दहा मावतात म्हणून दहा घ्याव्यात असेही नाही. हँडलावरच्या खटक्यांत नऊ घरे असतील तर चकत्याही नऊच हव्यात. दोन चकत्यांमधले अंतर त्या खटक्याला जुळले पाहिजे. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पदरची ओवी घालून नव्हे, मूळचा शब्द कोणता हे शोधून. नेवासे तालुक्यात मास्तरकी करणाऱ्याने एवढा दाखला दिला तर वाचक रागावणार नाहीत.

तर नऊंची कॅसेट मागवली आणि तिच्याबरोबर साखळीही. साखळीचे बारा पूर्ण जोड नवे असताना बरोबर 12 इंच भरतात; फूटपट्टी लावावी. एक अष्टमांश इंच वाढले असतील तर त्या साखळीने दातेही खाल्लेले असतात, आणि मग नव्या दात्यांवर जुनी साखळी घालणे म्हणजे नव्या सुनेला जुनी भांडणे सांगणे. तेलाचेही एक सांगून ठेवतो. शनीला वाहायचे गोडे तेल साखळीला घालू नये. ते चिकट होते आणि धूळ धरते.

कुलूप आवळायला खाचेचा खास पाना लागतो. तो मागवला; 40 न्यूटन-मीटरचा जोर मोजणारा पाना गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडे होता. आवळताना लॉकरिंग कडकड वाजू लागले तेव्हा तो मिस्त्री हात काढून उभा राहिला. “मोडलं काय, सर?” मोडले नव्हते. त्याच्या पाठीला बारीक दाते असतात, ते चकतीवरच्या दात्यांत अडकत जातात, त्याचा तो आवाज. साखळी आता उडत नाही. मागचा ब्रेक मात्र घोडेगावच्या फाट्यापर्यंत कुरकुरतो म्हणे.