गोल्ड मेंबरची दिवाळी

‘तुम्ही आमचे गोल्ड मेंबर आहात’ हे वाक्य आणि ‘३,४०० रुपये’ हा आकडा मोबाईलच्या एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी दिसतात आणि त्यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही. ३,४०० हा पुणे–नांदेड स्लीपर बसचा धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीचा भाव. तीच गाडी, तीच खिडकीकडची वरची बर्थ श्रावणात मला ९०० रुपयांत मिळाली होती. गोल्ड मेंबर म्हणून ७५ रुपये सुटले, ते आधीच वजा आहेत. वर पाण्याची एक बाटली.

गेल्या वर्षी ऑफिसातल्या काही जणांनी मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचा बेत केला. कुठली कंपनी स्वस्त, कुणाच्या पॅकेजमध्ये जेवण फुकट, कुणाकडे दुसऱ्यांदा गेलं की खोली वरच्या मजल्यावर मिळते, यावर चहाच्या टपरीवर आठवडाभर चर्चा चालली. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्या तर तुम्ही बोटीवर किती रात्री काढल्या ते मोजून गुण देतात, आणि गुण वाढले की तुमचा दर्जा वाढतो. ऐकून मला हिशेब करावासा वाटला, की मी पुणे–नांदेड रस्त्यावर किती रात्री काढल्यात? इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा. बोट असती तर आतापर्यंत मी कॅप्टनच्या पंगतीला बसलो असतो.

पण क्रूझवाल्याकडे एक गोष्ट असते जी माझ्याकडे नाही. त्याला जायलाच पाहिजे असं काही नसतं. भाव पटला नाही तर तो महाबळेश्वरला जातो. मी किनवटचा आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठी, सागाच्या जंगलात आणि तेलंगणाच्या सीमेला लागून असलेलं गाव. नांदेडला उतरलं की पुढे आणखी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. रेल्वे आहे, मुदखेड–आदिलाबाद मार्गावर भोकर, हिमायतनगर, बोधडी करत नंदीग्राम एक्स्प्रेस येते. पण ती मुंबईची, पुण्याची नव्हे. आणि दिवाळीच्या तारखांचं आरक्षण उघडलं की काही मिनिटांत वेटिंग सुरू होतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं. म्हणजे पूर्वी चार महिने आधी निराश व्हायचो, आता दोन महिने आधी.

अशा माणसाला बाजारात ‘ग्राहक’ म्हणतात. माझ्या मते तो ग्राहक नसून अडलेला हरी आहे, आणि पाय धरायचे ते गाढव फक्त ॲपच्या रूपात आलंय.

आधी भावाचं बघू. वर्षात मी सहा वेळा घरी जातो, म्हणजे बारा प्रवास. त्यातले आठ ९०० रुपयांच्या आसपास. उरलेले चार महालक्ष्म्या आणि दिवाळीचे: २,५००, २,६००, ३,४००, ३,१००. बेरीज १८,८००. भागिले बारा केलं की एका प्रवासाला साधारण १,५६६ रुपये पडतात. म्हणजे जिला मी आणि माझे मित्र ‘नऊशेवाली गाडी’ म्हणतो, ती मुळात साडेपंधराशेची आहे. आठ वेळा जे सोडलं ते चार वेळांत व्याजासकट वसूल. वर्षभरात कूपन, कॅशबॅक, गोल्ड वगैरे सगळं मिळून मला सुटले ६४० रुपये. हा हिशेब कुठलंही ॲप दाखवणार नाही. ते ‘या प्रवासात तुम्ही ७५ रुपये वाचवले’ एवढंच दाखवतं, आणि तेही हिरव्या रंगात.

हिंजवडीतले मित्र इथं मागणी-पुरवठ्याचा धडा देतात. धडा मला येतो. पोटासाठी मी हॉटेलच्या खोल्यांचे भाव वर-खाली करणारंच सॉफ्टवेअर लिहितो. म्हणूनच सांगतो, अशा मॉडेलला निष्ठा कळत नाही. तुम्ही दर दिवाळीला, त्याच दिशेला, त्याच आठवड्यात जाता, ही माहिती त्याच्यासाठी एकच गोष्ट असते: हा भाव वाढला तरी घेतो. तुमचं येणं-जाणं जितकं नेमानं, तितकी सूट द्यायची गरज कमी. पहिल्यांदा येणाऱ्याला ३०० रुपयांचं कूपन मिळतं ते काही उगाच नाही. त्याला अजून पकडायचंय.

बसमालकांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. दिवाळीच्या आधी पुण्याहून गाड्या भरून जातात आणि रिकाम्या परत येतात. डिझेल दोन्हीकडे लागतं. ठीक. पण याचा विचार सरकारनं आधीच केलेला आहे. २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानं खासगी कंत्राटी बसच्या भाड्याला कमाल मर्यादा घातली: त्याच प्रकारच्या एसटी गाडीच्या प्रति किलोमीटर भाड्याच्या दीडपट. एसटीइतकंच घ्या असं कुणी म्हटलेलं नाही, वर ५० टक्के घ्या म्हटलंय. ते पुरत नसेल तर सरकारपुढे ताळेबंद मांडून मर्यादा वाढवून मागावी. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री स्क्रीनवर गुपचूप ती ओलांडू नये.

माझं डोकं खरं फिरतं ते पुढच्या गोष्टीनं. तिकीट काढताना जीएसटी पैशापर्यंत अचूक लागतो. सरकारचा कर ॲपला बरोबर कळतो. सरकारचीच भाडेमर्यादा मात्र कळत नाही. दोन्ही आकडे सरकारी, दोन्ही जाहीर, दोन्हींचं गणित सहावीतलं. अंतर गुणिले दर गुणिले दीड. त्यापेक्षा भाव जास्त भरला तर लाल पट्टी दाखवा. माझ्या टीममध्ये नुकती लागलेली पोरगी हे काम दुपारच्या जेवणाआधी करून देईल. मग ते होत का नाही? कारण सांगायला कुणी नाही, आणि विचारणारे आपण ७५ रुपये वाचल्याच्या आनंदात.

परवान्याची गंमत तर आणखी वेगळी. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक असे दोन प्रकार आहेत. एसटी टप्प्याटप्प्यावर माणसं चढवू-उतरवू शकते. कंत्राटी परवान्याची गाडी म्हणजे एका गटानं, ठरलेल्या ठिकाणाहून ठरलेल्या ठिकाणी जायला अख्खी भाड्यानं घेतलेली. वाटेत सुटे प्रवासी घ्यायचे नाहीत. म्हणजे पुस्तकाप्रमाणे ट्रॅव्हल्सची गाडी ही वऱ्हाडाची गाडी आहे. पुण्याहून नांदेडला रोज रात्री अशी बरीच वऱ्हाडं निघतात. एकही वऱ्हाडी दुसऱ्याला ओळखत नाही, आणि नवरदेव कोण ते पोलिसांनाही कळत नाही.

आता सोयी. इथे मला आगबोटीची एक जुनी गोष्ट आठवते. १९०६ मध्ये टिळकांना मानणारे व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी तुतिकोरिनला स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तुतिकोरिन ते कोलंबो या मार्गावर तोपर्यंत ब्रिटिश इंडिया कंपनीचं राज्य होतं. स्वदेशी बोट आल्यावर इंग्रज कंपनीनं भाडं उतरवत उतरवत एका रुपयावर आणलं. पुढे तर तिनं प्रवास फुकट देऊ केला आणि वर प्रत्येक प्रवाशाला एक छत्री, असं सांगितलं जातं. १९०८ मध्ये चिदंबरम यांना अटक झाली, राजद्रोहाचा खटला चालला, आणि काही वर्षांत स्वदेशी कंपनी मिटली. नुसत्या छत्रीनं ती बुडवली असं नाही, तुरुंगही होताच. पण फुकट छत्री कुणाच्या खर्चानं आणि कशासाठी मिळते हे समजायला याहून बरं उदाहरण मला सापडलं नाही.

आपल्या छत्र्या म्हणजे ब्लँकेट, चार्जिंग पॉइंट, वायफाय (जे खराडी ओलांडेपर्यंत चालतं) आणि पडदा. मी त्यांना नावं ठेवत नाही. रात्रभराच्या प्रवासात पाठ टेकायला मिळणं ही चैन नाही, आणि एसटीच्या सीटवर दहा तास बसून सकाळी मीटिंगला हजर राहा असं मी कुणाला सांगणार नाही. पण सोय म्हणजे काय हे ठरवताना आपण ब्लँकेटपाशी थांबतो. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकजवळ यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस ट्रकला धडकून पेटली, १२ जण गेले. यवतमाळ म्हणजे आमच्या माहूरच्या पलीकडचं. आमच्याकडे ती बातमी परक्या जिल्ह्याची नव्हती. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूर–पुणे बस उलटून पेटली आणि २५ जण होरपळून गेले. त्यानंतरही आपण गाड्यांची तुलना करताना रेटिंगमध्ये काय वाचतो? ‘ब्लँकेटला वास येत होता.’ मागचं संकटकालीन दार उघडतं का, ड्रायव्हर एकटा आहे की जोडीला दुसरा आहे, हे मी हल्ली चढताना विचारतो. क्लीनर माझ्याकडे आरटीओचा माणूस असल्यासारखा बघतो.

राहिली निष्ठा. ग्राहकाची निष्ठा गुणांत मोजायची कल्पना तशी विमानवाल्यांची. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये आपली योजना काढली आणि मग जगभर सगळ्यांनी ती उचलली. निष्ठेला आपल्याकडे एक वजन आहे. वारकऱ्याची निष्ठा असते, कार्यकर्त्याची असते. कंपनी जे मागते ते त्यातलं काही नाही. ती फक्त तुम्ही भाव बघणं सोडावं एवढंच मागते. माझा सल्ला: गुण घ्या, कूपन वापरा, आणि दुसऱ्याकडे शंभर रुपये कमी असतील तर बिनदिक्कत तिकडे जा. गद्दारी वगैरे काही होत नाही.

पण म्हणून निष्ठा हा शब्दच टाकून द्यावा असंही मला वाटत नाही. मी तो वेगळ्या ठिकाणी लावीन. दिवाळीत गाडी कोण सोडतं हे बघू नका, तेव्हा सगळेच सोडतात. जुलैतल्या पावसात, मंगळवारी दुपारी, अकरा प्रवासी घेऊन किनवटहून इस्लापूरकडे कोण जातं ते बघा. तिथे ट्रॅव्हल्स नाही, ॲप नाही, गोल्ड नाही. तिथे किनवट आगाराची लाल गाडी आहे. माझी बहीण बारावीपर्यंत एसटीच्या मोफत पासवर शिकली. अहिल्याबाई होळकरांच्या नावानं मुलींसाठी असलेली ती योजना. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझी आई नांदेडला दवाखान्यात जायचं पुढे ढकलेनाशी झाली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आमच्या आजीला तर तिकीटच नाही. ती वर्षाला दोन वेळा रेणुकामातेला माहूरला जाते आणि प्रत्येक वेळी कंडक्टरला आधार कार्ड न मागता दाखवते. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती अजून परत दिलेली नाही. एसटीनं तोट्यात असून उलट वाढवली. याला मी ग्राहकाशी असलेली निष्ठा म्हणतो, आणि ती कंपनीकडून ग्राहकाकडे आलेली आहे.

आता लगेच लालपरीचे भक्त टाळ्या वाजवतील, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. १ जून १९४८ ला पुणे–नगर पहिली बस धावली, गाव तिथे एसटी, खिडकीतला वारा, कंडक्टरचा चिमटा... हे लिहिणारे बहुतेक स्वतः कारनं फिरतात. एसटीची पडकी स्थानकं, मुतारीचा वास, वेळापत्रकाच्या फळ्यावर असलेली आणि रस्त्यावर नसलेली गाडी, हे आठवणींच्या लेखात येत नाही. २०२१–२२ च्या संपात पाच-सहा महिने आमचा तालुका जवळजवळ तुटला होता. त्या काळात ‘गाव तिथे एसटी’ कुठे होती? जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तीही झोंबली. मधली काही वर्षं दिवाळीत एसटीनंही १० टक्के हंगामी वाढ घेतली. पण फरक बघा. ती वाढ जाहीर होते, पेपरात येते, तिच्याविरुद्ध आगारासमोर मोर्चा निघतो, आमदाराला जाब विचारता येतो. ३,४०० रुपयांविरुद्ध मोर्चा कुठे काढायचा? सर्व्हरसमोर?

आणि यात एक जुनं गणित आहे. लांब पल्ल्याच्या भरलेल्या गाड्या कमावतात, त्यावर इस्लापूरची अकरा प्रवाशांची गाडी चालते. पुण्या-मुंबईत नोकरी करणारे आम्ही सगळे लांब पल्ल्याचे प्रवासी ब्लँकेटकडे वळलो, तर उरते ती तोट्याची गाडी आणि ‘तोट्यात आहे म्हणून बंद करा’ असा अहवाल. मग माझ्या आईचं अर्धं तिकीट कुणाच्या गाडीत चालणार? म्हणून एसटीनं बऱ्या स्लीपर गाड्या पुणे–नांदेडवर वेळेवर सोडाव्यात, जास्त सोडाव्यात, आणि त्यांचं भाडं साध्या गाडीपेक्षा जास्त लावावं. मी देईन. दीडपटसुद्धा देईन.

रेडबस २००६ मध्ये सुरू झालं, तेही एका तरुण इंजिनिअरला दिवाळीत बंगळूरहून घरी जायचं तिकीट मिळालं नाही म्हणून. कल्पना चांगली होती आणि तिनं तिकिटासाठी एजंटांच्या दारोदार फिरणं संपवलं, हे मान्यच. आता तिकीट मिळतं. न मिळण्याच्या जागी न परवडणं आलंय.

त्यामुळे या दिवाळीआधी माझी मागणी एवढीच आहे आणि ती परिवहन विभागाकडे आहे, कुठल्या ॲपकडे नाही: ऑनलाइन तिकिटावर भाड्याशेजारी त्या मार्गाची कमाल कायदेशीर मर्यादा छापणं सक्तीचं करा. औषधाच्या पाकिटावर एमआरपी छापतात तशी. त्यापुढे कुणी जास्त देऊन बसलाच तर निदान कितीनं जास्त दिले ते त्याला कळेल. कोड मी लिहून देतो, फुकट.