मिळकतीचे चार भाग



दीक्षा घेतल्यावर आपण घरातील देव्हारा हलविला आणि भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. हे उचितच झाले. परंतु पुराव्यावाचून कोणतेही विधान मान्य करावयाचे नाही, ही आम्हा वकिलांची सवय. सबब आपणांस विचारतो : आपल्या घरी धम्म आला, याचा पुरावा कोणता? माझ्या मते तो भिंतीवर नसून जमाखर्चाच्या वहीत आहे.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हा गृहस्थांस केलेला उपदेश होय. राजगृहाचा तरुण सिगाल बापाच्या शब्दाखातर रोज सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडीत असे. आईबाप, गुरू, पत्नी व मुले, मित्र, राबणारे नोकर आणि श्रमण याच खऱ्या सहा दिशा असून त्यांच्याविषयीचे कर्तव्य हीच त्यांची पूजा, असे तथागतांनी त्यास समजाविले. मद्य, अवेळी भटकणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, कुसंगती आणि आळस या संपत्तिनाशाच्या सहा वाटा दाखविल्या. मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगावा, दोन कामधंद्यात घालावे आणि चौथा अडचणीसाठी राखावा, असेही सांगितले.

आता माझ्या एका पक्षकाराची हकीकत ऐका. नोकरी कायम, व्यसन एकही नाही. मुलीच्या लग्नासाठी त्याने खाजगी कर्ज काढले आणि सही केलेला कोरा चेक सावकाराच्या हाती दिला. पुढे सावकाराने त्यावर मनास येईल तो आकडा लिहिला. 'आकडा माझ्या हातचा नाही,' एवढा बचाव पुरेल असे या गृहस्थास वाटे. परंतु स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला, तरी देणे आहे असेच कायदा गृहीत धरतो, आणि ते नाही हे दाखविण्याचा भार सही करणारावर पडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले आहे.

हा गृहस्थ त्या सहा वाटांपैकी एकीवरही गेला नव्हता. मग त्यास कोणी बुडविले? बौद्ध पद्धतीने लग्न लावण्यास पांढरी वस्त्रे, फुले आणि त्रिसरण-पंचशील पुरे. कर्ज झाले ते मांडवाचे, बँडचे आणि जेवणावळीचे. 'लोक काय म्हणतील' हा एक जुना देव आपण अद्याप हलविलेला नाही. त्याचा नैवेद्य सर्वांत महाग पडतो.

कोणी म्हणेल, रोजंदारीवर जगणाऱ्याने चौथा भाग कोठून राखावा? आक्षेप रास्त आहे. चौथा नाही तर दहावा राखा, तोही नाही तर निदान खर्च लिहून ठेवा. घरातील शिकत्या मुलीने वही लिहावी आणि रात्री ती सर्वांसमक्ष वाचावी. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा कोणासही देऊ नये. कर्ज काढण्यापूर्वी पत्नीचे मत घ्यावे.

ज्या घरी चौथा भाग शिल्लक असतो, त्या घरचे मूल फीवाचून शाळा सोडीत नाही आणि बाप कोणापुढे मान खाली घालीत नाही. दीक्षेची साक्ष देण्यास याहून भक्कम कागद माझ्या पाहण्यात नाही.

जय भीम.