तडा बुजवण्याआधी

खोपोलीहून खंडाळ्याकडे जुन्या रस्त्याने तुम्ही कधी गेला आहात काय? शिंग्रोबाच्या देवळापाशी बोरघाट आपला जोर दाखवू लागतो. खालापूर तालुक्यातल्या या चढणीवर एके काळी प्रीमियर पद्मिनी गाड्यांची सतत ये-जा असे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी निघणे बंद होऊन दोन दशकांहून अधिक काळ लोटला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तरीही काही हौशी मंडळी ही गाडी जिवापाड जपतात.

समजा, अशी एक गाडी घाटाच्या पायथ्याशी अडखळू लागली. मिस्त्रीने बॉनेट उघडले आणि कार्ब्युरेटरच्या अंगाला तडा गेलेला दिसला. नवा भाग सहज मिळत नाही. कोणी म्हणेल, "लावा थोडे लुकण आणि चला पुढे!" माझे मत वेगळे आहे. तडा कसा बुजवायचा हा दुसरा प्रश्न. तो का गेला आणि कोठे गेला, हा पहिला.

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे यंत्र. वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १५ भाग हवा लागते. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेथील दाब कमी होतो आणि वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून ओढले जाते. तडा गळ्याच्या खालच्या, इंजिनाकडील बाजूस असेल तर जादा हवा आत शिरते. मिश्रण पातळ होते, इंजिन अडखळते आणि जास्त तापते. पण तडा पेट्रोलच्या वाटीला असेल, तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. घाटातल्या उन्हाळ्यात मग काय होईल, ते वेगळे सांगायला नको.

आता तडा का जातो ते पाहू. या जुन्या कार्ब्युरेटरांचे अंग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबाने ओतलेले असते. या धातूत शिशाचा अंश अधिक राहिला, तर वर्षानुवर्षांच्या दमट हवेत तो आतून कणाकणाने पोखरला जातो. दुसरे कारण माणसाच्या हाताचे आहे. एका बाजूचा बोल्ट एकदम घट्ट आवळला, की खालची बैठक वाकते आणि कडेला तडा जातो. म्हणून बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळायचे असतात.

वेल्डिंग का करू नये? लोखंड सुमारे १५३८ अंशांना वितळते. ही मिश्रधातू ४०० अंशांच्या आतच वितळते, आणि तीही लाल न होता. ज्योत जरा रेंगाळली, की भाग डोळ्यांदेखत ढासळतो.

तड्याचे टोक हेही एक कोडे आहे. बिस्किटाच्या पुड्याचा प्लॅस्टिकचा कागद सरळ काठाकडून ओढून फाडून पाहा. सहसा फाटत नाही. आता कात्रीने बारीक चीर द्या; तो चटकन फाटतो. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. इंग्लिस या शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये याचे गणित मांडले. टोक गोल केले, की ताण पसरतो. म्हणूनच कसबी मिस्त्री तड्याच्या टोकाला आधी बारीक भोक पाडतो, मग तडा खरवडून स्वच्छ करतो आणि कमी तापमानाचा डाग किंवा पेट्रोलला टिकणारे इपॉक्सी भरतो. वाकलेली बैठक तो काचेवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करतो. एवढे केले, तरच तडा पुन्हा जाण्याची भीती कमी होते.

मात्र ही दुरुस्ती मी फक्त हवेच्या बाजूच्या तड्यासाठी मान्य करीन. पेट्रोलच्या वाटीचा तडा लुकणाने बुजवणे म्हणजे आगीशी खेळ. त्यातही आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतले पाणी शोषून घेते आणि काही प्रकारची लुकणे मऊ करते. पूर्वी वर्षभर टिकलेला जोड आता तितकाच टिकेल, असे गृहीत धरू नये. अशा वेळी दुसऱ्या गाडीचा सुस्थितीतला भाग मिळवावा आणि तोवर गाडी उभी ठेवावी.

आपल्याकडे मोडलेली वस्तू टाकून न देण्याची चांगली सवय आहे. कर्जत-खोपोलीच्या गॅरेजांतली विद्या तिच्यावरच उभी आहे, आणि ती पुस्तकी विद्येहून मुळीच कमी नाही. पण "हे जोडता येईल" म्हणण्याइतकेच "हे जोडू नये" म्हणणेही कौशल्याचे लक्षण आहे. गिऱ्हाईक घाईत असताना हे दुसरे वाक्य उच्चारायला धैर्य लागते. त्या मिस्त्रीला आपण कामचुकार समजतो. खरे तर तोच आपला जीव वाचवत असतो.

उद्या तुमच्यापैकी कोणी कारागीर होईल, कोणी अभियंता. हातात मोडकी वस्तू आली, की आधी "का?" विचारा. लुकण नंतर कालवता येते.