"मला काहीही चालेल!"

मैत्रिणींनो, हॉटेलात गेल्यावर यजमान मेनूकार्ड पुढे सरकवून "तुला काय मागवू?" असं विचारतात, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं, "मला काहीही चालेल!" मग मुलांची आवड, ह्यांची आवड, सासूबाईंचं पथ्य असं सगळं मागवून होतं, आणि बशीत जे उरेल ते आपलं. घरी सर्वांच्या मागून जेवायची सवय हॉटेलातही सुटत नाही. त्यातून हॉटेल अनोळखी पदार्थांचं असलं तर विचारूच नका. "तुम्ही खा, मला फारशी भूक नाही," असं म्हणायचं आणि घरी आल्यावर लोणच्याशी पोळी खायची!

गेल्या सुटीत आईला घेऊन मी न्यू जर्सीला भावाकडे गेले होते. तिथे पॅटरसन नावाचं एक शहर आहे. एके काळी ते रेशमाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होतं. आता दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून आलेल्या लोकांची तिथे मोठी वस्ती आहे. एका रविवारी भाचा म्हणाला, "आत्या, आज पेरू खायला जाऊ या!" आईला वाटलं, बागेतच जायचंय!

हॉटेल अगदी लहान, सात-आठ टेबलांचं. नवरा भटारखान्यात, बायको गल्ल्यावर. बसल्याबरोबर भाजलेल्या मक्याच्या दाण्यांची वाटी पुढे आली. पदार्थांची नावं मात्र निम्मी स्पॅनिश, निम्मी चिनी वळणाची. "आरोस चाउफा" म्हणजे परतलेला भात. "लोमो साल्तादो" म्हणजे गोमांस, कांदा आणि टोमॅटो मोठ्या आचेवर सोया सॉस घालून परतायचे, आणि एकाच ताटलीत तळलेले बटाटेही द्यायचे अन् भातही! हे ऐकून आईने हात आखडता घेतला. "तुम्ही जेवा गं, मी घरी जाऊन दहीभात खाईन."

वहिनीने काही ऐकलं नाही. तिने मालकीणबाईंना बोलावलं आणि आई मांस, मासे, अंडं यांतलं काहीच खात नाही, हे नीट समजावून सांगितलं. बाईंनी कपाळाला आठी घातली नाही, उलट बोटांवर मोजून काय काय करता येईल ते सांगितलं. वेगळ्या कढईत नुसत्या भाज्यांचा चाउफा आला. उकडलेल्या बटाट्यावर चीज, दूध आणि पिवळ्या मिरचीचा दाट रस्सा घातलेला "पापा आ ला वांकाइना" आला, वरचं उकडलेलं अंडं वगळून. जांभळा मका, अननसाची सालं, दालचिनी आणि लवंग उकळून केलेलं गार सरबतही आलं. आई आधी चमच्याच्या टोकाने चाखत होती. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "त्या बटाट्याच्या आणखी दोन फोडी मिळतील का?" हॉटेलात तिने स्वतःहून काही मागितलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

त्या बाईंनी आढेवेढे का घेतले नाहीत, याचं कारण त्यांच्या स्वयंपाकाच्या इतिहासातच आहे, असं मला वाटतं. 1849 ते 1874 या पंचवीस वर्षांत जवळजवळ एक लाख चिनी मजूर पेरूत नेले गेले. आठ-आठ वर्षांचे करार, उसाचे आणि कापसाचे मळे, रेल्वेची कामं आणि अतोनात हाल. पण त्यांच्या करारात मजुरीबरोबर तांदळाचा शिधाही लिहिलेला असे. करार संपल्यावर त्यांतले बरेचजण लिमा या राजधानीत आले आणि पुढे त्यांनी खाणावळी काढल्या. आलं आणि सोया सॉस त्यांचा, मिरची आणि बटाटा तिथला. अशा खाणावळींना पेरूत "चीफा" म्हणतात. हा शब्दही "जेवणे" या अर्थाच्या चिनी शब्दांवरून आला आहे. आज चाउफा पेरूच्या घराघरांत होतो आणि आल्यालाही तिथे स्पॅनिश नावाऐवजी चिनी वळणाचं "कियोन" हेच नाव रूढ आहे. परमुलखात, हलाखीतही त्या लोकांनी आपल्या जिभेची चव सोडली नाही, म्हणून एका देशाचा स्वयंपाक बदलला. ते "काहीही चालेल" म्हणाले असते, तर चाउफा झालाच नसता!

आणि बरं का, हे पदार्थ आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. एकादशीची साबुदाण्याची खिचडीच घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांच्या गलबतांनी ते सोळाव्या शतकापासून पुढे आपल्याकडे आणलं. बटाटा तर पेरूच्या डोंगरांतलाच. अँडीज पर्वतात त्याच्या चार हजारांच्या आसपास जाती आहेत. म्हणजे खिचडीतलं तूप तेवढं आपलं म्हणायचं!

आता थोडं व्यवहाराचं. आपल्याकडेही मोठ्या शहरांत मेक्सिकन वगैरे पदार्थ मिळू लागले आहेत, आणि मुलाबाळांकडे परदेशी जाणंही आता नवं राहिलेलं नाही. अशा ठिकाणी नुसतं "शाकाहारी" म्हणून थांबू नका. स्पॅनिशमध्ये "सिन कार्ने" म्हणजे मांसाशिवाय. पण "कार्ने" म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गोमांसच येतं, आणि भातात कोंबडी हजर होते. म्हणून कोंबडी (पोयो), मासे (पेस्कादो), अंडं (उएवो) यांची नावं वेगवेगळी घेऊन नको म्हणा. सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा. चिनी पद्धतीच्या भाजीत कालवांचा सॉस असू शकतो, मेक्सिकन घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते, आणि पुदिन्याच्या चटणीसारख्या दिसणाऱ्या हिरव्या चटणीत अंड्याचं मेयोनेज असू शकतं. विचारण्यात कमीपणा नाही. आधी एकच पदार्थ मागवा, आवडला तर दुसरा. उरलेलं बांधून द्यायला सांगा. अमेरिकेत ते सर्रास करतात.

शाकाहारी चाउफा घरीही झटपट होतो. आदल्या दिवशीचा तीन वाट्या मोकळा भात घ्या. लोखंडी कढईत तेल चांगलं तापवून त्यात बारीक चिरलेलं आलं-लसूण, गाजर, फरसबी आणि सिमला मिरची मोठ्या आचेवर परता. भात घाला, दोन चमचे सोया सॉस घाला, शेवटी पातीचा कांदा. सॉस खारट असतो, तेव्हा मीठ चव पाहूनच घाला. सोबत तळलेले बटाटे द्या, मुलं खूष!

जाता जाता एक सांगते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. पाचवीच्या मुलांना "माझी आई" हा निबंध दिला होता. आई काय काय छान करते, हे सगळ्यांनी भरभरून लिहिलं होतं. लाडू, थालीपीठ, पावभाजी. पण आईला स्वतःला काय आवडतं, हे एकाही वहीत नव्हतं. मुलांचा काय दोष? आपण त्यांना कधी सांगितलंच नाही. तेव्हा पुढच्या वेळी मेनूकार्ड हातात आलं की ते सावकाश वाचा आणि पहिला पदार्थ तुम्ही सांगा. मुलांसमोर, मोठ्याने सांगा.